जुन्यावरून घेतलेलं माप

आमच्या खोऱ्यात हंगामातली सायकलींची शेवटची शर्यत झाली की गाड्यांच्या तळावर बाजार भरतो. डिकी उघडायची, खाली ताडपत्री अंथरायची आणि वापरून कंटाळा आलेले सायकलचे भाग मांडायचे. चाकं, ब्रेक, सीट, आणि सगळ्यात जास्त पुढचे चिमटे, म्हणजे पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारे फोर्क. डोंगर उतरणाऱ्या सायकलचा अर्धा जीव त्या स्प्रिंगच्या चिमट्यात असतो, म्हणून प्रत्येकाला स्वतःचा सोडून दुसऱ्याचा हवा असतो. घेणारा खूश, देणारा खूश, आणि सोमवारी सकाळी माझ्या दारात रांग. "टेग्वेन, एवढा बसतो का बघ गं." बसत नाही. कुणाचं चाक मोठं, कुणाचा आस जाड, कुणाच्या चिमट्याचा पाइप खाली फुगलेला आणि फ्रेम सरळ पाइपाची. मी शिव्या घालते, ते हसतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच ताडपत्री.

गावाच्या खालच्या टोकाला बंद पडलेला पेट्रोल पंप आहे, तिथे माझं दुकान. जवानीत मीही हा डोंगर उतरले आहे, खांद्यात अजून एक धातूची पट्टी आहे त्याची आठवण म्हणून. तोंडाची फटकळ आहे हे कुणीही सांगेल. पण माझ्या हातून गेलेली सायकल खाली येईपर्यंत एकसंध राहते, तेवढं मी छातीवर हात ठेवून सांगते.

त्या रांगेत एम्लिन कधी दिसला नाही. एम्लिन जंगलखात्याच्या लाकडाची लॉरी चालवतो. लॉरीचं इंजिन रस्त्याच्या कडेला उतरवून पुन्हा चढवणारा माणूस. एकदा पबमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला होता, "सायकलला दोन चाकं आणि एक साखळी. त्यासाठी दुकानात काय जायचं?" मी म्हटलं होतं, "बरोबर आहे तुझं. दात दुखला की पक्कड पण घरचीच वापर." आम्ही एका शाळेतले, एका बाकावरचे. असं बोलणं आमच्यात चालायचं. त्याची बायको मुलं लहान असतानाच दुसऱ्याबरोबर सीमेपलीकडे, श्रूझबरीला निघून गेली. तेव्हापासून मुलांचं जेवण, कपडे, सायकली, सगळं त्यानेच पाहिलं. दुसऱ्याच्या हातावर त्याचा विश्वास नव्हता, आणि त्याचं कारणही समजण्यासारखं होतं.

तो माझ्याकडे पहिल्यांदा आला तो या सप्टेंबरात. बाहेर पाऊस होता, आणि त्याने पिकअपच्या मागून सायकल उतरवली ती आपल्या जाकिटाखाली झाकून. मॅक्सनची सायकल.

मॅक्सन एम्लिनचा थोरला. ताडमाड, हसरा, आणि उतारावर असा जायचा की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. एप्रिलमध्ये वरच्या लार्चच्या झाडांच्या रानात, दगडावरून उडी घेऊन खाली उतरला आणि लगेच डावं वळण होतं ते न घेता सरळ झाडांत गेला. मणका मोडला. सीमेपलीकडच्या हॉस्पिटलात महिने काढून तो परत आला तो चाकाच्या खुर्चीत, कमरेखाली सगळं शांत.

शुद्धीवर आल्यावर तो एकच बोलत होता, "बाबा, मी हँडल वळवलं होतं. चाक वळलं नाही." कुणी ते मनावर घेतलं नाही. डोक्याला मार लागलेला, औषधं चालू, असं माणूस काहीही बोलतं. एम्लिनने त्याला समजावलं, "तू घाबरलास, पोरा. हात गोठले तुझे. होतं असं, भल्याभल्यांचं होतं." आणि मग तेच गावात पसरलं. पबमध्ये, चॅपलच्या पायऱ्यांवर, शर्यतीच्या पोरांत. मॅक्सन गोठला. मी केक घेऊन भेटायला गेले तेव्हा तो मला म्हणाला, "टेग्वेन मावशी, मी घाबरलो होतो म्हणे. मला घाबरल्याचं आठवत नाही. पण घाबरलोच असणार, नाही का?" मी केक कापला.

त्याचे पाय गेले त्याचं मला वाईट वाटत होतंच. पण आपण भित्रे निघालो हे त्या पोराने मान्य करून टाकलं होतं, त्याचं मला जास्त वाटत होतं. तो खिडकीशी बसायचा आणि जुने सोबती सायकली घेऊन चढाला लागले की पडदा ओढून घ्यायचा.

"माब्लीला शेवटच्या शर्यतीत उतरायचंय," एम्लिन म्हणाला. माब्ली त्याची धाकटी, सोळा वर्षांची, उंचीने बापाला गाठलेली. "याच सायकलवर. मी नको म्हणत होतो. पण मॅक्सनच म्हणाला, तिला दे, शेडमध्ये सडण्यापेक्षा बरी. आणि म्हणाला, काम टेग्वेन मावशीकडूनच करून घे."

"पोराला अक्कल आहे. आईवर गेलाय."

तो हसला नाही. नेहमी हसला असता. त्याने सायकल स्टँडला लावली. पुढचा चिमटा त्याने घरीच उतरवला होता. तो एका हातात, चिमट्याचा एक पाय वाकलेला. दुसऱ्या हातात दुसरा चिमटा, त्याच बनावटीचा, काळा, वापरलेला पण स्वच्छ पुसलेला.

"बदली चिमटा मी बघून ठेवलाय," तो म्हणाला, आणि आवाजात पहिल्यांदा जरा जीव आला. "या वेळी नुसत्या नजरेने नाही घेतला. चाकाचं माप तेच, आसाची जाडी तीच, पाइप वरून खालपर्यंत तसाच. स्प्रिंगची चालही तेवढीच, जास्त उंच नको म्हणून. सगळं जुन्याला लावून पाहिलं."

मी हातात घेऊन तपासत गेले आणि मनात म्हटलं, हा गाढव शिकला. जे लोक दर वर्षी माझ्या दारात चुकीचा माल घेऊन उभे राहतात त्यांना मी जे ओरडून सांगते, ते सगळं याने केलं होतं. मी तसं बोललेही. "शाब्बास. तुला दुकानात ठेवून घेते."

"पाइपाची लांबी पण," तो म्हणाला. "तिघांकडे फिरलो. दोघांचे पाइप लांब होते, ते सोडून दिले. हा बघ." त्याने दोन्ही चिमटे टेबलावर शेजारी शेजारी आडवे ठेवले, माथे जुळवले आणि पाइपांच्या टोकांवरून तळहात फिरवला. "केसाचा फरक नाही."

खरंच नव्हता. दोन्ही पाइप एका लांबीचे होते. आणि दोन्ही आखूड होते.

हे जरा सांगायला हवं. चिमट्याच्या माथ्यावर जो पाइप असतो तो फ्रेमच्या गळ्यातून, म्हणजे पुढच्या उभ्या नळीतून, आरपार वर येतो, आणि वर आलेल्या तुकड्याला हँडलचा क्लॅम्प दोन बोल्टांनी आवळून धरतो. नव्या चिमट्याचा पाइप भरपूर लांब असतो. मग ज्याची जशी फ्रेम तसा तो करवतीने कापून घ्यायचा. बुटक्याची फ्रेम लहान, म्हणून त्याचा पाइप आखूड. एकदा कापला की वाढत नाही. आमच्या त्या डिकीच्या बाजारात लोक बाकी सगळं विचारतात, फक्त हा चिमटा आधी किती उंचीच्या माणसाचा होता ते कुणी विचारत नाही.

मी एम्लिनने आणलेला चिमटा फ्रेममध्ये घातला. मॅक्सनची फ्रेम मोठी, गळा लांब. पाइप वर आला तो जेमतेम बोटभर. मी क्लॅम्प त्यावर बसवला आणि वरून आत पाहिलं. क्लॅम्पची खालची बाजू पाइपावर होती. वरची बाजू रिकाम्या हवेवर. वरचा बोल्ट कितीही आवळा, तो कशालाच धरत नव्हता.

मग मी जुना चिमटा उचलला आणि दिव्याखाली नेला. काळ्या पाइपाच्या टोकाशी बोटभर रुंदीचा चकाकणारा पट्टा होता, क्लॅम्पने धरल्याचा. बोटभरच. आणि त्या पट्ट्यावर आडवे, गोल गोल ओरखडे. झाडावर आपटून असे ओरखडे पडत नाहीत. चाक जागच्या जागी राहून वरचं हँडल फिरलं तरच पडतात.

मी हँडल वळवलं होतं. चाक वळलं नाही.

एम्लिन मागे उभा होता, टोपीतून पाणी निथळत होतं, आणि चहाचा मग शोधत इकडेतिकडे बघत होता.

खोटं बोलावं असं माझ्या मनात आलं, ते लपवत नाही. सोपं होतं. याचं तेलाचं सील गळतंय म्हणायचं, दुकानातला नवा कोरा चिमटा घालायचा, पाइप नीट मापाने कापायचा, माब्ली सुखरूप खाली येईल. जुना भंगारात. या माणसाने मुलांसाठी आयुष्य झिजवलंय, त्याच्या डोक्यावर हा दगड मी कशाला ठेवू?

"हा नको घालू या," मी म्हटलं. "मी दुसरा देते. याचं सील बरोबर नाही."

"सील?" त्याने वाकून पाहिलं. "कुठे गळतंय? कोरडं ठणठणीत आहे. टेग्वेन, मला माल विकू नकोस हं. तुला वेळ नसेल तर सांग, मी घरी नेऊन बसवतो. मागच्या वेळी मीच बसवला होता."

"कसा बसवलास?"

"कसा म्हणजे? हँडलखाली त्या रिंगा असतात ना, त्या घातल्या तर झाकणाचा बोल्ट पकडतच नव्हता. मग रिंगा काढून टाकल्या. झकास बसला." तो चिमटा उचलायला पुढे आला. "दे इकडे. तासाभराचं काम."

आता बोलणं भाग होतं. त्याने तो घरी नेला असता, पुन्हा रिंगा काढल्या असत्या, आणि माब्ली त्याच दगडावरून उडाली असती.

"एम्लिन, हात लावू नकोस. इकडे ये. वरून बघ आत."

त्याने पाहिलं. इंजिनं उतरवणारा माणूस. त्याला शब्दांची गरज नव्हती. तरी पहिल्यांदा तो म्हणाला, "हा आखूड आहे."

"हो."

"पण मी जुन्याबरोबर लावून पाहिला."

"हो."

मी जुना चिमटा त्याच्या हातात दिला. त्याने अंगठ्याने तो चकाकणारा पट्टा चाचपला. ओरखड्यांवरून अंगठा पुन्हा पुन्हा फिरला, पुसून निघतात का बघितल्यासारखा.

"झाडावर आपटला तेव्हा फिरलं असेल," तो म्हणाला.

"नाही."

"तुला काय माहीत? तू होतीस तिथे?"

"मी नव्हते. मॅक्सन होता. तो पहिल्या दिवसापासून सांगतोय."

तो माझ्यावर ओरडेल असं मला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली बसला, टायरच्या ढिगावर, चिमटा मांडीवर घेऊन. आणि म्हणाला, "मी त्याला म्हटलं, तू घाबरलास. त्याच्या तोंडावर म्हटलं. नळ्या होत्या त्याच्या नाकात." मग: "बाजारातून घेऊन वाढदिवसाला दिला होता गं हा. लाल रिबीन बांधून."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्यात तसली सवय नाही. त्याने तो झटकला नाही.

"माब्लीला चांगला घाल," तो उठून म्हणाला. "तुझ्याकडचा. आणि हे तुझ्या-माझ्यात राहू दे."

"आणि मॅक्सन?"

"त्याला सांगून काय होणार? उठून चालायला लागेल?"

"चालणार नाही. पण पडदा उघडेल."

"त्याला मी उचलतो सकाळी, टेग्वेन. मी अंघोळ घालतो. माझ्या गळ्यात हात घालावा लागतो त्याला, नाहीतर पलंगावरून खुर्चीत येत नाही तो. कुणाच्या गळ्यात हात घालायचा त्याने मग?"

एम्लिन जुना चिमटा तिथेच टाकून निघून गेला. मी तो भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. भंगारात टाकायला माझा हात धजेना.

मी नवा चिमटा आणला. पाइपावर खूण करण्याआधी फ्रेमचा गळा, रिंगा, क्लॅम्प, सगळं चढवून पाहिलं, आणि तरी करवत टेकवून दोनदा पुन्हा मोजलं. मनात ठरवत होते की शर्यतीच्या आधी एम्लिन बोलला नाही तर मी बोलेन. आणि तेही मनाला पटत नव्हतं. ज्याच्या जिवावर पोरगं जगतंय त्याच्यावरचा त्याचा भरवसा मोडायचा हक्क मला कुणी दिला?

शर्यतीच्या आदल्या दिवशी तिघंही आले. माब्ली पळत पुढे. मॅक्सन खुर्चीत, गुडघ्यांवर चौकड्यांची शाल. आणि मागे एम्लिन, दाढी वाढलेला.

"मावशी, झाली?" माब्ली सायकलवर चढूनही बसली. "अगं, कसली मऊ चालते ही!"

"उतर आधी. बूट बघ, चिखल केलास सगळा."

मॅक्सनने सायकलकडे पाहिलं आणि नजर वळवली. "छान दिसते," म्हणाला. "वळणाआधी घाबरू नकोस फक्त. माझ्यासारखी."

एम्लिनने खुर्चीच्या मागच्या मुठी सोडल्या. भिंतीपाशी गेला, खिळ्यावरून जुना चिमटा काढला आणि आणून मुलाच्या मांडीवर ठेवला.

"पाइपाचं टोक बघ," तो म्हणाला.

मॅक्सनने आधी बापाकडे पाहिलं, मग पाइपाकडे. बोट ठेवलं. ते पोरगं माझ्याच दुकानात खेळत वाढलंय, त्याला समजायला वेळ लागला नाही. त्याने माब्लीने धरलेल्या सायकलच्या फ्रेमचा गळा डोळ्यांनी मोजला, पुन्हा पाइप पाहिला, पुन्हा गळा.

"हा आखूड होता," तो हळूच म्हणाला. मग मोठ्याने, "हा आखूड होता! फिरलं होतं हे! मावशी, बघ, हे ओरखडे बघ! मी वळवलं होतं!" तो हसायला लागला. एप्रिलपासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी, आणि हसतोय. "माब्ली, मी गोठलो नव्हतो! मी वळवलं होतं गं!"

माब्ली हसत नव्हती. ती बापाकडे बघत होती.

"कापलेलाच मिळाला होता," एम्लिन म्हणाला. "बसवला मी."

मॅक्सनने ते ऐकलं की नाही मला आजही सांगता येणार नाही. तो बोट त्या पट्ट्यावर फिरवत होता आणि स्वतःशीच पुटपुटत होता, मी वळवलं होतं, मी वळवलं होतं. माब्लीने सायकल भिंतीला टेकवली आणि पावसात जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती उतरली. लार्चच्या रानातून, त्या दगडावरून, डावीकडे. पहिली आली नाही, पडलीही नाही. शर्यत संपते त्या दोरीपाशी मी उभी होते, तिचं हेल्मेट दिसलं तेव्हा मी आधी हँडल आणि चाक एका रेषेत आहेत का ते पाहिलं.

मॅक्सन खाली गाड्यांच्या तळावर होता. डिक्या उघडलेल्या, ताडपत्र्या अंथरलेल्या, बाजार भरलेला. त्याच्या मांडीवर शालीवर तो वाकडा चिमटा. जो भेटेल त्याला तो थांबवत होता. जुने सोबती, पबवाला, चॅपलच्या म्हाताऱ्या. "हे बघा. क्लॅम्पने एवढंच धरलं होतं. हे ओरखडे बघा. मी गोठलो नव्हतो." त्याचा चेहरा उजळला होता. लोक वाकून बघत होते, कुणी त्याच्या पाठीवर थाप मारत होतं, कुणी माफी मागत होतं. एकाचं झालं की तो हात करायचा, त्या निळ्या गाडीपाशी ने, तिथे माझा सोबती रिस दिसतोय, त्याला दाखवायचंय. चिखलात खुर्चीची चाकं रुतत होती. एम्लिन सगळा जोर लावून ती ढकलत होता, निळ्या गाडीपाशी, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या.

आणि प्रत्येक जण शेवटी तेच विचारत होता. असा आखूड चिमटा बसवला कुणी?

मॅक्सन त्याचं उत्तर देत नव्हता. तो पुन्हा त्या पट्ट्यावर बोट ठेवायचा. मागून, खुर्चीच्या मुठी न सोडता, एम्लिन दर वेळी म्हणायचा, "मी."